कुलपाआडचे जीव

आण्णांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं म्हणून मे महिन्यात मी त्यांना साताऱ्याहून सांगलीला घेऊन आले. आण्णा म्हणजे माझे वडील. आई आदल्या थंडीत गेली. तेव्हापासून ते साताऱ्याच्या दोन खोल्यांत एकटे राहत होते आणि 'इकडे या' म्हटलं की फोनवर "बगू" म्हणून विषय मोडत होते. शेवटी डोळ्यानंच त्यांना हलवलं. चहात साखरेऐवजी मीठ टाकून बसले, आणि स्वतःच मला म्हणाले, "आता दिसंना झालंय गं."

ऑपरेशन व्यवस्थित झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला, थेंब दिले आणि नियम दिले. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, धुळीत जायचं नाही. उभा जन्म पाटण-कोयनानगरच्या वळणांवर एसटी चालवलेल्या माणसाला असं बसवून ठेवणं सोपं नव्हतं. ते आमच्या पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसत. मी शाळेत शिकवते, त्यामुळे उन्हाळी सुट्टीवर होते. नवरा सकाळी इस्लामपूरला कामावर जाई तो दिवेलागणीला परते. मुलगा पुण्यात. म्हणजे दिवसभर घरात आम्ही बापलेक दोघंच, आणि तरीही घरात शब्द नव्हता. जेवलीस का, थेंब घालायचे का, लाईट गेली वाटतं, एवढंच. आईचं नाव तर त्यांनी ती गेल्यापासून घेतलंच नव्हतं. मी कधी काढलं तर ते उठून मोरीत जायचे आणि हात धुवायचे.

आमच्या डाव्या अंगाला एक तरुण जोडपं राहतं. दोघंही नोकरीला. त्यांना तिसरीतली एक मुलगी, एक तांबूस गावठी कुत्रा आणि वरच्या मजल्यावरच्या मागच्या गॅलरीत पिंजराभर लव्हबर्ड्स. हिरवी, पिवळी, एक आभाळी रंगाचा. गॅलरीला लोखंडी ग्रील आहे आणि ती आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच वर दिसते. त्यामुळे सकाळचा चहा त्या पाखरांच्या किलबिलाटातच होतो.

सुट्टी लागली तसं त्यांनी मुलीच्या आजोळी जायचं ठरवलं. आजोळ कोयनानगरच्याही पलीकडं, डोंगराच्या पोटात. निघायच्या आदल्या दिवशी शेजारीण भिंतीपाशी येऊन मला म्हणाली, "काकू, आमच्या कामवाल्या मावशी दोन्ही वेळा येऊन कुत्र्याचं आणि पाखरांचं बघणार आहेत. किल्ली त्यांच्याकडेच दिलीय. तुम्ही अजिबात त्रास घेऊ नका हं, आण्णांचं ऑपरेशन आहे तुमच्या मागे."

मी म्हटलं, "अगं, त्रास कसला?"

"नको नको. मावशी पक्क्या आहेत."

आणि खरंच, सुरुवातीला मावशी येत होत्या. फाटकाची साखळी वाजायची, कुत्रा आनंदानं केकाटायचा, बादलीत पाणी पडल्याचा आवाज यायचा. मग मी तिकडे लक्ष देणं सोडून दिलं.

एका सकाळी मी आण्णांना चहा नेऊन दिला, तेव्हा ते कप हातात न घेताच म्हणाले, "ह्ये शेजारचं कुत्रं गप हाय."

"झोपलं असेल, आण्णा."

"ती बाई आली न्हाई त्येच्याकडं. काल सांजंलाबी न्हाई आली. त्येच्या आदल्या सांजंलाबी न्हाई."

"आली असेल हो. तुमचा डोळा झाकलेला, तुम्हाला दिसली नसेल."

"डोळा झाकलाय. कान न्हाई झाकलं."

मी चहा ठेवला आणि भिंतीपाशी गेले. दोन घरांमधली ती भिंत छातीएवढी आहे, खालच्या भागात सिमेंटच्या जाळीच्या विटा बसवलेल्या. वरून वाकून पाहिलं. जर्मनचं भांडं उपडं पडलेलं, बादली कोरडी ठणठणीत. कुत्रा पोर्चच्या कोपऱ्यात, फरशी जिथं जरा गार असते तिथं, पाय पसरून पडला होता. मी चुचकारलं तर त्यानं नुसते डोळे वर केले. शेपूटही हलवली नाही.

 तशीच मागे स्वयंपाकघरात धावले. खिडकीतून गॅलरी दिसत होती. एरवी अखंड उड्या मारणारी पाखरं दांडीवर एका ओळीत, पिसं फुगवून बसली होती. आवाज नव्हताच. आपल्याच खिडकीसमोरचा आवाज बंद झालाय हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, आणि एक डोळा झाकलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या आलं होतं.

शेजारणीला फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. तिच्या नवऱ्याला लावला, तेच. त्या डोंगरात रेंज नसते हे मला ठाऊक होतं. आण्णांच्या नोकरीच्या काळात आम्ही पाटणला राहिलोय. मावशींचा नंबर माझ्याकडे नव्हता. मग मोबाईलवर मेसेज पाठवला. 'मावशी आल्या नाहीत वाटतं, जरा फोन करता का?' एकच टिक आली. दुसरी येईना.

माझ्या नवऱ्याला इस्लामपूरला फोन केला. तो कामात होता. म्हणाला, "बाहेरून पाणी-बिणी दे, पण कुलूप-बिलूप तोडायच्या भानगडीत पडू नकोस. लोकांचं घर आहे."

"आणि तोवर ते मेलं तर?"

 मग म्हणाला, "बघ तुला सुचेल तसं."

पाण्याचं सोपं होतं. बागेच्या नळाची पाईप भिंतीवरून पलीकडं सोडली. पाईपचं तोंड बादलीत नीट पडेना, तर आण्णा काठी घेऊन भिंतीपाशी आले.

"आण्णा, ऊन लागेल. धूळ आहे इथं."

"चष्मा हाय की. तू नळ सोड."

काठीनं त्यांनी पाईप ढकलत ढकलत बादलीत घातली. पाण्याचा आवाज झाला तसा कुत्रा उठून बसला, पण जवळ येईना. आम्ही दोघं मागे सरकलो, पोर्चमध्ये जाऊन उभे राहिलो, तेव्हा तो आला. त्याच्या पिण्याचा लपलप आवाज आम्हाला एवढ्या लांब ऐकू येत होता. कितीतरी वेळ पीत होता.

"तान लय वंगाळ असती," आण्णा म्हणाले.

मग मी दूधपोळी कुस्करून ताटलीत घातली आणि भिंतीवरून हात लांबवून अलगद पलीकडं सोडली. त्यानं लांबूनच वास घेतला आणि परत कोपऱ्यात जाऊन पडला. कावळे आले. आण्णा काठी आपटून कावळे हाकलत बसले, पण कुत्रा काही ताटलीकडे फिरकला नाही. त्याला नावानं हाक मारावी तर नाव आण्णांना आठवेना, आणि मी मारली तर तो फाटकाकडे बघायला लागला. मला ते बघवेना. म्हणून पुन्हा मारली नाही.

आमच्या समोरच्या बंगल्यात एक जैन काकू राहतात. त्यांच्या घरची हळदीची पेढी आहे. मी भिंतीवर ओणवी झालेली बघून त्या रस्ता ओलांडून आल्या. सगळं ऐकल्यावर त्यांनी आधी कपाळाला हात लावला आणि मग मला बाजूला सारून स्वतः भिंतीवरून डोकावल्या.

"काय देतेस त्याला?"

"दूधपोळी. खात नाही."

"त्याला अंडी लागतात गं. ती पोरगी रोज उकडलेलं अंडं घालते त्याला, मी बघते ना इथनं." काकूंनी तोंड जरासं वाकडं केलं. "ते मी काही आणून देणार नाही. पण शिरा करून आणते की. तूप घालून."

"खाईल?"

"न खाऊन काय करतो? आणि पाखरांचं काय?"

पाखरांचंच कोडं होतं. गॅलरी वर, पहिल्या मजल्यावर. काकू म्हणाल्या, "शिडी आहे की पेढीवर. लावून घेऊ तुझ्या बाजूनं."

तासाभरात पेढीचा टेम्पो शिडी घेऊन आला. बांबूची लांबलचक शिडी, हळदीच्या पोत्यांच्या थप्प्यांना लावून लावून पार पिवळीधमक झालेली. टेम्पोवाल्यानं ती आमच्या मागच्या अंगणातून शेजारच्या गॅलरीच्या कट्ट्याला टेकवून दिली. "चढतोस का रे?" काकूंनी विचारलं. तो दोन पावलं मागेच सरकला. "बंद घरावर मी न्हाई चढायचा, आक्का. उद्या कायतरी झालं तर पयलं नाव माजंच यायचं." त्याचंही खोटं नव्हतं. तो गेला.

मग मीच ओढणी कंबरेला खोचली आणि पाण्याचा झाकणाचा तांब्या पिशवीत घालून खांद्याला अडकवला. मला उंचीची भीती वाटते. आमच्या गच्चीच्या कठड्याशीसुद्धा मी उभी राहत नाही. खालून काकूंनी शिडी धरली. आण्णाही धरायला आले तर मी ओरडले, "तुम्ही हात लावायचा नाही. जोर द्यायचा नाही सांगितलंय." त्यांनी शिडी सोडली, पण तिथंच उभे राहून सांगत राहिले, "खाली बगू नगंस. पायाकडं न्हाई, हाताकडं बग. आता वरची पायरी. हां. आता फुडची." लहानपणी मला सायकल शिकवताना त्यांचा हाच आवाज होता. बऱ्याच महिन्यांनी मी तो ऐकत होते.

वर पोचले. ग्रीलमधून कोपरापर्यंत हात आत जात होता. पिंजरा ग्रीलला लागूनच टांगलेला. पाण्याची वाटी सुकून तिच्या तळाला पांढरा थर धरला होता. आणि पिंजऱ्याच्या तळाशी, टरफलांच्या ढिगात, आभाळी रंगाचा तो पक्षी पडलेला होता. पाय वर, इवल्या मुठी मिटलेल्या.

"काय झालं?" खालून काकूंनी विचारलं.

मी वरूनच मान हलवली. आण्णांना कळलं. ते म्हणाले, "हाय त्येंना आदी पानी दे. मग बगू."

तांब्यातलं पाणी वाटीत ओतलं. ग्रीलमधून ओतताना निम्मं खालीच सांडलं. पण पाण्याचा थेंब दिसताच पाखरं दांडीवरून खाली पडल्यासारखी उतरली आणि एकमेकांच्या अंगावर चढून प्यायला लागली. काकूंनी माझ्या ओढणीच्या टोकाला बांधून दिलेलं राळं मी दुसऱ्या वाटीत घातलं. रोज सकाळी गच्चीवर चिमण्यांना टाकायला त्या राळं आणून ठेवतात. मग पिंजऱ्याचं छोटं दार बोटानं वर करून, बाकीची उडून जातील या धास्तीनं श्वास रोखून, मी त्या निळ्या पक्ष्याला बाहेर काढलं. रुमालात गुंडाळलं. त्याला वजन असं नव्हतंच.

खाली आल्यावर काकूंनी रुमाल माझ्या हातातून घेतला. आमच्या अंगणात कढीपत्त्याच्या झाडाखाली मी खुरप्यानं खड्डा केला. काकू डोळे मिटून हलक्या आवाजात णमोकार मंत्र म्हणत होत्या. आण्णांनी टोपी काढून हातात धरली होती. मी माती लोटली. मग काकूच म्हणाल्या, "चल, शिरा करते. त्याचा तरी जीव धरू दे."

त्या दुपारी माझा राग मावेना. मी शेजारणीला मेसेजवर मेसेज टाकले. पहिला बरा होता. दुसरा कमी बरा. मग मी लिहिलं की जीव सांभाळायला जमत नसेल तर पाळू नयेत. मग लिहिलं की तुमच्या हौसेपायी एक मेलाय. प्रत्येकापुढं एकेक टिक. पाठवताना मला बरं वाटत होतं, हे खरं सांगते.

उन्हं कलायला लागली तेव्हा काकू शिऱ्याचं पातेलं आणि आपला मोबाईल दोन्ही घेऊन आल्या. "हे घे, बोल. त्या मावशीच आहेत. माझ्या घरच्या भांडीवालीकडनं नंबर मिळवला."

पलीकडून बाई रडतच बोलत होत्या. त्यांची लेक शिराळ्याला दिलेली. तिला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. तसल्या घाईत त्या नेसत्या लुगड्यानिशी निघाल्या. बाळ फार बारीक, काचेच्या पेटीत ठेवलेलं. "वैनी, मी तवाधरनं ताईसायबांस्नी फोन लावतीया. लागंना. जावंला जाऊन पानी घालून ये म्हनलं तर ती म्हनली मी फाटकापाशी गेलते, कुत्रं गुरगुरलं, माघारी आले. किल्ली हितं माज्या पिशवीत हाय. माज्या जिवाला घोर लागलाय वो. त्या मुक्या जिवांचं काय केलं तुमी?"

मी तोंड उघडलं तेव्हा माझा आवाज मलाच वेगळा लागला. म्हटलं, "सगळं ठीक आहे, मावशी. पाणी घातलंय, खायला घातलंय. तुम्ही लेकीकडे बघा. बाळ कसं आहे?"

"मुलगी झालीया. दूद प्यायली आज पयल्यांदा."

निळ्या पक्ष्याचं मी त्यांना सांगितलं नाही. काकू माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी नुसती मान हलवली.

फोन ठेवल्यावर मी ते सगळे मेसेज परत वाचले. पुसून टाकावेसे वाटले. मग तसेच ठेवले आणि खाली लिहिलं, 'मावशींच्या लेकीचं बाळंतपण अचानक निघालं. त्यांचा दोष नाही. तुमचाही नाही. मी रागात लिहिलं. सावकाश या, आम्ही आहोत.' एक टिक.

कुत्र्यानं शिऱ्याचा मात्र वास घेतला, दोन घास चाटले, आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा आण्णा खोलीत नव्हते. पोर्चमधली खुर्चीही रिकामी. मी घाबरून बाहेर आले. ते भिंतीच्या कडेला, स्वयंपाकघरातल्या बुटक्या स्टुलावर बसले होते. काळा चष्मा, टोपी, मांडीवर ताटली. ताटलीत आदल्या रात्रीची शिळी भाकरी आणि दही. जाळीच्या विटेच्या पलीकडं कुत्रा बसलेला, नाक भोकाला लावून. आण्णा भाकरीचा तुकडा दह्यात बुडवून त्या भोकातून आत देत होते आणि कुत्रा तो हातातून घेत होता.

मी ओरडणार होते, पण ते त्याच्याशी बोलत होते. मी दाराआडच थांबले.

"खा, गड्या. आंबट हाय व्हय? तिला लय आवडायची अशी. शिळी भाकर आन दही. मला म्हनायची, तुमाला आंबट सोसत न्हाई, तुमी दूद घ्या. आता मी घेतो दही." कुत्र्यानं तुकडा घेतला. "असं पडून न्हाई ऱ्हायचं. मीबी पडून हुतो. लय दीस. कुनी इचारलं तर बरं हाय म्हनायचं. तुला तर कुनी इचारायलाबी न्हाई."

 भाकरी संपली तसं त्यांनी दोन बोटं भोकातून आत घातली. कुत्र्यानं ती चाटली.

"तुजी येनार हायत रं," ते म्हणाले. "रेंज न्हाई तितं, म्हून. येनार हायत. रस्ता मला म्हाईत हाय, सांजंला निगाली तर उद्या येत्यात. तुला वाट बगायला बरं हाय."

पुढचं त्यांनी हळू म्हटलं, पण मला ऐकू आलं. "माजं मानूस न्हाई यायचं."

मी आत गेले. गॅसपाशी उभी राहिले, उगीचच चहाचं आधण ठेवलं. आई गेली त्या दिवशीसुद्धा ते रडले नव्हते. सगळे पाहुणे म्हणाले होते, घट्ट काळजाचा माणूस आहे. मीही तेच धरून चालले होते, आणि मला ते सोयीचं वाटलं होतं.

चहा घेऊन बाहेर आले आणि मुद्दामच जरा मोठ्यानं म्हटलं, "आण्णा, वाकायचं नाही म्हणून सांगितलंय ना?"

"वाकलोय कुटं? बसलोय."

"धूळ आहे."

"चष्मा हाय." मग कप हातात घेऊन म्हणाले, "बस की जरा. ह्येला आता भरवसा आलाय आपला."

मी जमिनीवरच बसले. आम्ही दोघं तिथं, भिंतीच्या कडेला, ऊन येईपर्यंत बसलो. काकू पलीकडून बघून हसल्या आणि फाटकातूनच विचारलं, "शिरा खाल्ला नाही, आणि शिळी भाकरी खाल्ली व्हय?"

"साताऱ्याची भाकर हाय, आक्का," आण्णा म्हणाले. आई गेल्यापासून मी त्यांची ही पहिली थट्टा ऐकली.

शेजारची माणसं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आली. आजोळाहून पाटणला बाजाराला म्हणून उतरली होती. पाटणच्या अलीकडे रेंज आली आणि सगळे मेसेज एकदम धडाधड मोबाईलवर येऊन पडले. मावशींचे, माझे पहिले, माझे मधले आणि माझे शेवटचे. सामान आजोळीच ठेवून ती तिघं तशीच जीपनं निघाली.

शेजारणीनं गाडीतून उतरताच मला मिठी मारली आणि रडायला लागली. "काकू, मी तुमचे मेसेज वाचले."

"ते रागाचे ना? विसर ते."

"नाही. बरोबर होतं सगळं. मी तुम्हालाच किल्ली द्यायला हवी होती. आण्णांचं दुखणं, तुम्हाला आणि ताप नको म्हणून..."

"अगं, मी तरी काय? खिडकीसमोर होता पिंजरा."

कुत्र्याचं तर काय वर्णावं! मुलीला बघून तो इतका केकाटला की समोरच्या काकू धावत बाहेर आल्या. तिच्या अंगावर उड्या, तिच्या बापाच्या अंगावर उड्या, लगेच घरात, लगेच बाहेर. आण्णा भिंतीपाशी येऊन उभे राहिले होते. त्यानं त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही. मला वाईट वाटलं. म्हटलं, "बघा, विसरला तुम्हाला."

"बरं झालं की," आण्णा म्हणाले. "आपली मानसं आल्यावर त्येनं दुसऱ्याकडं कशाला बगावं?" आणि खरोखर त्यांचा चेहरा समाधानाचा होता.

मुलीला निळ्या पक्ष्याचं कुणी सांगितलं नव्हतं. ती वर गेली आणि थोड्या वेळानं खाली आली ती गप्प. आई तिला जवळ घ्यायला गेली तर हात सोडवून ती आमच्या अंगणात आली आणि सरळ आण्णांपुढं उभी राहिली. मला नाही, काकूंना नाही, त्यांना तिनं विचारलं, "निळा कुठंय?"

आण्णांनी तिला कढीपत्त्याखालची जागा दाखवली. ती तिथं बसली. मातीवर तळहात ठेवला.

"तो तहानेनं मेला का, आजोबा?"

मी मध्ये बोलणार होते. म्हातारा झाला होता, देवाघरी गेला, असलं काहीतरी. आण्णांनी हातानं मला थांबवलं. मग वाकायचं नाही हे विसरून तिच्याशेजारी उकिडवे बसले. 

"पानी सपलं हुतं, बाळा. त्यानं आसंल. आमाला कळलं तवा उशीर झालता."

"त्याला खूप त्रास झाला?"

"ठावं न्हाई. पर येकटा नव्हता. बाकीची समदी त्येच्या संगं हुती. तुज्या काकीनं शिडीवर चढून त्येला खाली आनला. ह्या समोरच्या आजीनं देवाचं म्हनलं."

मुलीनं नाक पुसलं. मग ती रडली, नीट, मोकळं. आण्णा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. पलीकडे तिचा बाप भिंतीला धरून उभा होता आणि चष्मा पुसत होता. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "इथं फूल ठेवू?"

"ठेव की. दोन ठेव."

मावशी लेकीला आणि नातीला घरी पोचवून महिनाअखेरीस परत आल्या. त्यांना कुणी काही बोललं नाही. शेजारणीनं बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू करून दिले आणि काकूंनी नातीसाठी झबली टोपडी. किल्लीची एक जोडी आता आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला असते.

आण्णांचा डोळा तपासून झाला. उत्तम आहे, डॉक्टर म्हणाले. आण्णा लगेच साताऱ्याला जायचं म्हणायला लागले आणि मी अडवलं नाही, फक्त पोचवायला मी येणार म्हटलं. सकाळच्या एसटीत आम्ही ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसलो. इस्लामपूर गेलं, पेठनाका गेला. नवा डोळा घेऊन ते पोरासारखे बाहेर बघत होते. उसाची हिरवी रानं, पाट्यांवरची अक्षरं. कराड मागे पडलं आणि ड्रायव्हरनं कुठंतरी गिअर जरा करकरत टाकला, तसे आण्णा हसले.

"काय झालं?" मी विचारलं.

"तुजी आई," ते म्हणाले.

मी हलले नाही. इकडे तिकडे बघितलंही नाही.

"लगीन नवं हुतं. म्हनली, मला कोयना दाव. म्हनलं चल, माज्याच गाडीनं. हितंच बसवली, आपन बसलोय तितं, माज्या मागं. आन पाटन सुटलं, वळनं लागली, तशी हिची मुंडी गरगरली. कंडक्टरला सांगायची लाज. माज्या खांद्याला मागनं बोट लावून म्हनती, 'आवं, थांबवा की जरा.' भरल्या गाडीत! म्हनलं आगं, आसं थांबवता येत न्हाई, टायमाची गाडी हाय. तर म्हनती, 'तुमीच तर चालवताया. तुमाला कोन बोलनार?'" त्यांचे खांदे हलायला लागले. "थांबवली. डोंगरात, मदीच. समदी मानसं खाली उतरली. कुनाला वाटलं गाडी बंद पडली, कुनाला वाटलं भूकंपाचा धक्का बसला. आन ही तिकडं दगडावर बसून लिंबू चोखतीया."

"मग?"

"मग काय! येक म्हातारा मला म्हनला, डायवर, काय झालं गाडीला? म्हनलं, काय न्हाई बाबा, गाडीला घेरी आलीया."

मी हसता हसता डोळे पुसले. ही गोष्ट मला आईनंही कधी सांगितली नव्हती. आण्णांनी काळा चष्मा काढून खिशात ठेवला, पाणी प्यायले, बाटलीचं झाकण लावलं आणि म्हणाले, "फुडं ऐक. कोयनेला पोचल्यावर तर लय मजा झाली."

साताऱ्याला अजून बराच वेळ होता.